दोघी पटावर बसल्या की: बुद्धिबळाच्या डावाबद्दल नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

२८ जुलै २०२५ला पहिला श्रावणी सोमवार होता. जॉर्जियातल्या बटुमी शहरात आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात टायब्रेकरसाठी, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांसाठी, पटावर बसल्या, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले होते. आमच्याकडे उपासाची खिचडी कढईतच गार झाली. मी नागपुरात शाळकरी मुलामुलींच्या स्पर्धांना पंच म्हणून जाते. त्या सोमवारपर्यंत पालक मला एवढंच विचारायचे, "मॅडम, जेवायची सुट्टी कधी?" आता ते डावाबद्दल विचारतात. मला याचा फार आनंद आहे. दर रविवारी तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

दिव्या आणि हंपीमध्ये एकूण किती डाव झाले? आम्ही तर फक्त शेवटचा रडण्याचा क्षण पाहिला.

चार डाव झाले. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी दोन दीर्घ डावांची असते. २६ आणि २७ जुलैला ते खेळले गेले आणि दोन्ही बरोबरीत सुटले. पहिल्यात पांढरी मोहरी दिव्याकडे होती आणि सुरुवातीलाच तिला चांगली संधी मिळाली होती, पण हंपीने डाव सांभाळून नेला. मग २८ तारखेला जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात हंपीकडे पांढरी मोहरी, दिव्याकडे काळी, आणि तो दिव्याने जिंकला. गुण २.५ विरुद्ध १.५.

तिच्या आईला मिठी मारून ती रडली ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्या रडण्याच्या मागे तीन आठवडे होते हेही लक्षात घ्या. १०७ खेळाडू होत्या आणि बाद पद्धत होती, म्हणजे एक फेरी हरलं की बॅग भरायची. दिव्याला पंधरावं मानांकन होतं. वाटेत तिने दुसरी मानांकित चीनची झू जिनर, आपली द्रोणवल्ली हरिका आणि उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवलं. डाव बघायचे असतील तर नुसता अंतिम सामना बघू नका, झू जिनरविरुद्धची फेरीही काढून बघा.

त्या शेवटच्या डावात नेमकं काय झालं? साध्या भाषेत सांगा.

हंपीने कॅटलान नावाची सुरुवात निवडली. या सुरुवातीत पांढऱ्याचा एक उंट कोपऱ्यात बसून लांबच्या तिरप्या पट्टीवर नजर ठेवतो. लगेच हाणामारी नसते, हळूहळू गळा आवळत न्यायचा असतो. हंपीसारख्या अनुभवी खेळाडूच्या हातात ते फार धोकादायक शस्त्र आहे.

पण हा जलद डाव होता. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जास्तीचे. डाव लांबत गेला, हंपीचं घड्याळ आटत गेलं आणि चुका होऊ लागल्या. दिव्याच्याही झाल्या. जिंकायचा सरळ रस्ता तिला एकदा दिसला नाही, हे खरं आहे आणि ते सांगायला लाजायचं कारण नाही. पटावर मोहरी थोडी उरली होती, दोघींचे हात भराभर चालत होते, आणि अखेरीस शेवटची चूक हंपीच्या वाट्याला आली.

मी तो डाव नंतर घरी पट मांडून दोनदा खेळून पाहिला. कॉम्प्युटर बाजूला ठेवून पाहिला, कारण कॉम्प्युटर लगेच सांगतो की इथे चुकलं, आणि मग आपण त्या दोघींना नापास करत बसतो. लाकडी पटावर, हातात दहा सेकंद आहेत असं समजून, पुढची चाल स्वतः शोधून बघा. दिव्याने काय केलं ते मग कळतं.

हंपी वयामुळे हरली असं आमच्याकडे म्हणतात. खरं आहे का?

अंतिम सामन्याच्या वेळी हंपी ३८ वर्षांची होती आणि दिव्या १९ची. एवढं खरं. पण वयाने हरली म्हणणाऱ्यांनी हे आठवावं की त्या दिवशी जलद बुद्धिबळातली महिला जगज्जेती हंपीच होती. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कला तिने तो मान मिळवला होता, त्याआधी २०१९मध्ये मॉस्कोला. म्हणजे दिव्या तिला तिच्याच अंगणात भिडली.

आणि हंपी कोण आहे हे मुलींना सांगा. २००२मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, भारतातली पहिली महिला ग्रँडमास्टर. दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५चा. दिव्या जन्मली तेव्हा हंपीला तो किताब मिळून तीन वर्षं झाली होती. आपली नागपूरची पोरगी जिंकली याचा अभिमान मलाही आहे, पण समोरच्या खुर्चीवरच्या बाईला छोटं करून तो साजरा केला तर दिव्याचाच विजय छोटा होतो.

दिव्या एकदम ग्रँडमास्टर कशी झाली? नॉर्म लागतात म्हणे.

एरवी लागतात. नॉर्म म्हणजे एखाद्या तगड्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी, आणि रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग, हा नेहमीचा रस्ता. दिव्याकडे तेव्हा एकही नॉर्म नव्हता आणि रेटिंगही २५००च्या खाली होतं. पण काही मोजक्या मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्याला जागतिक संघटना किताब थेट देते आणि महिलांचा विश्वचषक त्यांपैकी एक आहे. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली आणि महिलांत हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी. याला कुणी मागचा दरवाजा म्हणत असेल तर त्यांना त्या सहा फेऱ्यांतली नावं वाचून दाखवा.

विजेतीला ५० हजार डॉलर मिळाले. राज्य सरकारने तीन कोटी रुपये दिले आणि रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात सत्कार झाला. कँडिडेट्स स्पर्धेचं तिकीटही याच विजयाने मिळालं. जगज्जेतीला आव्हान कोण देणार हे तिथे ठरतं.

बुद्धिबळात ताकद लागत नाही. मग महिलांची वेगळी स्पर्धा कशाला?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, आणि त्यांच्या मनात खोट नसते. उत्तर थोडं लांब आहे.

आधी गैरसमज काढू. ज्याला आपण पुरुषांचा गट म्हणतो तो खरं तर खुला गट असतो. त्यात कुणीही खेळू शकतं. हंगेरीची ज्युडिट पोल्गार महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही. ती खुल्या गटात खेळून जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली. दिव्याही विश्वचषकानंतर सप्टेंबर २०२५मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत खुल्या गटात खेळली आणि जगज्जेत्या गुकेशशी तिने बरोबरी केली.

हा खुला दरवाजा मात्र फुकट मिळालेला नाही, आणि तो उघडण्यात एका मराठी मुलीचा हात आहे. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, जयश्री, वासंती आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ला झाली आणि ती वासंतीने जिंकली. पहिली दहा वर्षं ते विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेलं नाही. १९७६मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की स्त्री आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. तेरा वर्षांची मुलगी! सातवी-आठवीतली.

मग वेगळा गट हवाच कशाला? मी जे हॉलमध्ये बघते ते सांगते. खुल्या गटात शंभर मुलांमध्ये पंधरा-वीस मुली असतात. पहिली दोन-तीन वर्षं त्या एकट्या पडतात. दुपारच्या सुट्टीत बोलायला कुणी नसतं. बाथरूमला जायचं तरी आईला शोधायचं. वेगळ्या गटामुळे मुलीला तिच्यासारख्या वीस जणी भेटतात, बक्षीस मिळतं, आणि घरचे पुढच्या स्पर्धेला पाठवतात. दोन्ही गट खेळू द्या. एकाने दुसरा अडत नाही.

डाव किती वेळ चालतो? घड्याळाला दोन काटे का असतात?

आता काटे राहिले नाहीत, डिजिटल घड्याळ असतं आणि त्यावर दोघींचा वेळ वेगवेगळा दिसतो. स्वतःची चाल झाली की बटण दाबायचं. आपला वेळ थांबतो, समोरचीचा सुरू होतो. ज्या हाताने मोहरं हलवलं त्याच हाताने दाबायचं. एक हात पटावर आणि दुसरा बटणावर ठेवून बसणाऱ्या मुलांना मी पहिल्याच फेरीत टोकते.

विश्वचषकाच्या दीर्घ डावात पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, मग ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद मिळत होते. असा डाव सहज चार-पाच तास जातो. म्हणून मुलीला "अजून झालं नाही का?" असं तोंड करून बघू नका. जी शेवटी उठते ती बहुधा सगळ्यांत जास्त शिकून उठते.

पहिला डाव हरली की स्पर्धेतून बाहेर का?

नाही. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात. सगळ्या फेऱ्या सगळ्यांना मिळतात आणि जवळपास सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. डबा पूर्ण दिवसाचा द्या.

डाव लिहायलाच पाहिजे का? माझी मुलगी कंटाळा करते.

दीर्घ डावात लिहिणं नियमच आहे. प्रत्येक घराला नाव असतं, आडव्या ओळीत ए ते एच ही अक्षरं आणि उभ्या ओळीत १ ते ८ आकडे. आधी चाल खेळायची, मग लिहायची. लिहून ठेवून मग विचार करत बसणं चालत नाही.

कंटाळ्याचं म्हणाल, तर मुलीला तिचाच दोन महिन्यांपूर्वीचा कागद वाचायला द्या. एकीने मला असा कागद आणून दाखवला होता. बाराव्या चालीपर्यंत अक्षर मोत्यासारखं, तेराव्या चालीला वजीर गेला आणि तिथून अक्षर उताराला लागलेल्या सायकलसारखं. ती स्वतःच बघून म्हणाली, "मॅडम, इथं मी घाबरली." तिच्या आईला ते कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. कागदाने दाखवलं.

दिव्या आणि हंपीचा डाव आपण आज घरी खेळून बघू शकतो, तोही नोंदीमुळेच.

चुकून मोहऱ्याला हात लागला तर?

चुकून म्हणजे कोपर लागून पडलं, तर काही नाही. पण खेळायच्या हेतूने आपल्या मोहऱ्याला हात लावला की तेच खेळावं लागतं, कायद्यात बसणारी चाल असेल तर. समोरच्याच्या मोहऱ्याला लावला आणि ते मारता येत असेल तर मारावं लागतं. मोहरं घरात नीट बसवायचं असेल तर आधी "नीट करते" म्हणा, मग हात लावा.

लहान मुलींचं सगळ्यांत जास्त रडणं किल्लेकोटावरून होतं. किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं. त्यात आधी राजा उचलायचा, मग हत्ती. हत्ती आधी उचलला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला गेला, हत्तीच खेळावा लागतो. घरी भावाशी खेळताना कुणी बघत नाही, आणि स्पर्धेत समोरची मुलगी हात वर करून मला बोलावते. ती दुष्ट नसते, तिला तसंच शिकवलेलं असतं. घरीच सवय लावा: राजा आधी.

नियमबाह्य चाल पहिल्यांदा झाली तर दीर्घ डावात समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. दुसऱ्यांदा झाली की डाव गेला.

बरोबरी म्हणजे दोघींनी ठरवून संपवणं ना? त्यात काय बघायचं?

ठरवूनही होते. त्याचीही पद्धत आहे: आपली चाल खेळायची, "बरोबरी?" असं विचारायचं आणि मग घड्याळ दाबायचं. समोरची विचार करत असताना मध्येच विचारत राहणं चूक. तीच स्थिती तीनदा आली, किंवा दोघींकडून पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही, तरी मागता येते.

पण "काय बघायचं" याचं उत्तर मला एका डावातून द्यायचं आहे. तो कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

मे महिना होता. शेवटची फेरी संपत आली होती, बाकीचे पट आवरून झाले होते, आणि सगळ्यांत शेवटच्या पटावर दोन मुली उरल्या होत्या. दोघी दहा-अकरा वर्षांच्या. एकीच्या वेण्यांना लाल रिबिनी, दुसरीच्या मांडीवर पाण्याने ओला केलेला रुमाल. वर कूलर घरघरत होता आणि त्याच्या झोताने कागद उडू नये म्हणून रिबिनवालीने पाण्याची बाटली कागदावर ठेवली होती.

पटावर तीनच मोहरी उरली होती. रिबिनवालीचा पांढरा राजा डी६ वर, तिचं एकुलतं प्यादं ई५ वर. रुमालवालीचा काळा राजा ई८ वर. चाल पांढऱ्याची. प्यादं शेवटच्या ओळीत गेलं की त्याचा वजीर होणार आणि डाव संपणार. तिने प्यादं पुढे सरकवलं, ई६. कुणीही तेच केलं असतं.

आता काळ्या राजाला जायला दोनच घरं होती. डी८ किंवा एफ८. बाकी सगळी बंद. घरी पट असेल तर मांडून बघा. एफ८ वर गेला तर पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्यादं सरळ वजीर होतं. डी८ वर गेला तर प्यादं ई७ वर येऊन शह देतं, राजा ई८ वर परत येतो, आणि मग पांढऱ्याने प्यादं सांभाळायला राजा ई६ वर आणला की काळ्याला चालच उरत नाही. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे कोंडी झाली. बरोबरी.

रुमालवालीचा हात राजाच्या वर थांबला. लावला नाही, नुसता थांबला. आणि त्याच वेळी मला खिडकीत एक हात दिसला. तिचे वडील बोटाने डावीकडे-उजवीकडे खुणा करत होते. मी उठून खिडकीकडे गेले आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. परत आले तेव्हाही तिचा हात तसाच होता. तिने खिडकीकडे पाहिलं नव्हतं. ती पटावरचे चौकोन ओठांतल्या ओठांत मोजत होती. मग राजा उचलला आणि डी८ वर ठेवला.

रिबिनवालीने ई७ खेळलं. राजा परत ई८ वर. मग ती आठ मिनिटं बसली. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते, आठ मिनिटं. प्यादं सोडून दिलं तरी बरोबरी, सांभाळलं तरी बरोबरी. शेवटी राजा ई६ वर ठेवला, हात पुढे केला, अर्धा-अर्धा गुण.

खरी गंमत त्यानंतर झाली. दोघी जागच्या उठल्या नाहीत. कागद बघून मोहरी तीन चाली मागे नेली आणि भांडल्यासारख्या बोलायला लागल्या. "इथं तू राजा समोर आणली असती तर?" पांढरा राजा डी६ वरून ई६ वर, प्याद्याच्या पुढे. त्यांनी खेळून पाहिलं. काळा राजा डी८ ला गेला तर पांढरा एफ७ वर, काळा एफ८ ला गेला तर पांढरा डी७ वर. दोन्हीकडून प्यादं पोहोचतंच. रिबिनवालीने कपाळावर हात मारला आणि दोघी हसत सुटल्या. राजा पुढे, प्यादं मागे. त्या दोघी हे आता जन्मात विसरणार नाहीत.

निकालपत्रकावर त्या डावापुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला आहे, बाकी काही नाही.

म्हणजे खिडकीतून बघायचंच नाही का?

खिडकीपाशी उभं राहूच नका. त्या मुलीने बघितलं असतं आणि तिच्या वडिलांची खूण बरोबर असती, तरी तो अर्धा गुण तिचा राहिला नसता, आणि मला कारवाई करावी लागली असती. बघणाऱ्याला काही चुकीचं दिसलं तर त्याने फक्त पंचाला सांगायचं. पटाजवळ बोलायचं नाही, खोकायचं नाही, मान हलवायची नाही. मोबाइल तर मुलीच्या खिशात बंद असला तरी डाव जाऊ शकतो. तो तुमच्याकडे ठेवा.

आजोबा शिकवतात तो खेळ वेगळा का वाटतो?

कारण तो वेगळाच आहे. नागपूरच्या महाल, इतवारी या भागांतल्या जुन्या वाड्यांत खेळला जायचा तो देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं मिळतात, आणि प्यादं शेवटी पोहोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचलं ते मोहरं होतं. नुसता राजा उरला की डाव तिथेच संपतो, त्याला बुर्जी म्हणतात. आजोबांना चुकीचं ठरवू नका. त्यांच्याकडून नजर शिकू द्या, आणि नियम स्पर्धेचे शिकवा.

नागपुरातून एवढे ग्रँडमास्टर कसे निघाले?

रौनक साधवानी २०१९मध्ये, संकल्प गुप्ता २०२१मध्ये, दिव्या २०२५मध्ये. रौनक आणि दिव्या तर एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले. दिव्या पाचव्या वर्षी खेळायला लागली. सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती २०१२मध्ये, दहा वर्षांखालची जगज्जेती २०१४मध्ये, वीस वर्षांखालची २०२४मध्ये. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सांघिक सुवर्ण आणि तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही. या यादीत २०१२ आणि २०२५च्या मध्ये तेरा वर्षं आहेत. तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक राहुल जोशी २०२०मध्ये गेले. तिचा ग्रँडमास्टर किताब बघायला ते हवे होते, असं मला अजून वाटतं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. उशीर झाला का?

नाही. पाचव्या वर्षी सुरू करणारीशी तुलना करून नऊ वर्षांच्या मुलीचं काहीच भलं होत नाही. आठवड्यातून दोन दिवस शिकवणी, रोज थोडी कोडी आणि महिन्याला एखादी स्पर्धा एवढं पुरे. एका वर्षाने तिला विचारा की आवडतं का.

हरून बाहेर आली की काय बोलायचं?

अर्धा तास काही नाही. "कशी हरली?" हे तर मुळीच नाही. बाहेर तर्री पोहे मिळत असतील तर खाऊ घाला. मग म्हणा, "मला डाव दाखव." तुम्हाला खेळ येत नसेल तरी म्हणा. ती कागद काढेल, पट मांडेल, आणि दाखवता दाखवता एका चालीवर थांबेल. तिथे तुम्ही मध्ये बोलू नका.

पहिल्या स्पर्धेला सोबत काय न्यायचं?

दोन पेन, कारण एक नेमकं सातव्या चालीला बंद पडतं. पाण्याची बाटली, बाहेरून थेंब न सांडणारी. डबा कोरडा, तेलकट बोटं मोहऱ्यांना लागत नाहीत असा. मे महिन्यात ओला रुमाल, एसीच्या हॉलमध्ये पातळ स्वेटर. जन्मदाखल्याची झेरॉक्स. फेरी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. काही स्पर्धांत उशिरा येणाऱ्याचा डाव लगेच जातो, तो नियम पत्रकात वाचून घ्या. आणि ती आत गेली की झाडाखाली सावलीत बसा, खिडकीपासून लांब.